संकटानंतर नेत्याचा निकाल लावतं कोण?

रद्दीवाला (धागाकर्ता)

मोठं संकट आलं की पंधरा दिवसांच्या आत कोणाची तरी खुर्ची जाते, आणि दुसऱ्या दिवशी अग्रलेख येतो: जनमताच्या रेट्यापुढे अखेर सत्ता झुकली. मला हे वाक्य दिवसेंदिवस पटेनासं झालंय. लोक चिडतात हे खरं. पण त्या चिडीचा निकाल लोक लावतात की लोकांच्या नावाने दुसरंच कोणी लावून टाकतं, यावर वाद घालायला हा धागा.

२६/११ घ्या. २००८च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री सुरू झालेला प्रकार २९ला सकाळी संपला. १६६ माणसं गेली. ३० तारखेला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. १ डिसेंबरला राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा गेले. त्याच आठवड्यात मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले आणि ८ डिसेंबरला अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. आता हे तिघे लोकांच्या मनातून कशामुळे उतरले ते आठवून पाहा. आबांनी पत्रकारांसमोर मोठ्या शहरांत असं एखाददुसरं घडतंच, या अर्थाचं एक हिंदी वाक्य टाकलं. विलासराव ताजच्या पाहणीला गेले तेव्हा सोबत चिरंजीव रितेश आणि दिग्दर्शक राम गोपाल वर्मा होते. शिवराज पाटलांचं तर सप्टेंबरपासूनच सुरू होतं. दिल्लीतल्या स्फोटांच्या संध्याकाळी त्यांनी किती वेळा कपडे बदलले याचीच मोजदाद चालली होती.

किनाऱ्यावरची गस्त, हवालदाराच्या हातातली जुनी बंदूक, गुप्तवार्ता कोणत्या टेबलावर अडल्या? यातलं काही कोणाच्या जाण्याचं कारण म्हणून लोकांच्या लक्षात आहे का? माझ्या तरी नाही.

पुढचं आणखी मजेशीर आहे. सहा महिन्यांनी, मे २००९ मध्ये, मुंबईतल्या सहाच्या सहा लोकसभा जागा काँग्रेस-राष्ट्रवादीने जिंकल्या. दक्षिण मुंबईसुद्धा, जिथे ताज आणि ओबेरॉय दोन्ही आहेत. विलासराव केंद्रात मंत्री झाले. ऑक्टोबरच्या विधानसभेत काँग्रेस ८२, राष्ट्रवादी ६२. बेरीज १४४, म्हणजे २८८ची बरोबर निम्मी. आबा पुन्हा गृहमंत्री! खातं बदलून नाही, तेच खातं. शिवराज पाटील २०१० च्या सुरुवातीला पंजाबचे राज्यपाल झाले.

मग शिक्षा केली कोणी? मतदाराने नाही. पक्षाने केली, आणि माफही पक्षानेच केलं. लोकांचा राग निवडणुकीपर्यंत टिकू नये म्हणून मधल्या काळात दिलेली ती रजा होती.

जुनी उदाहरणंही याच वळणाची. १९६२ला चीनपुढे नाचक्की झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले ते काँग्रेसच्याच खासदारांनी नेहरूंना घेरलं म्हणून. २००१ला भूजच्या भूकंपानंतर गुजरातचे मुख्यमंत्री केशुभाई पटेल गेले. साबरमती आणि साबरकांठाच्या पोटनिवडणुका हरल्यावर पक्षाने त्यांना उतरवलं आणि नरेंद्र मोदींना आणलं. सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबायची गरजच पडली नाही.

माझं म्हणणं एवढंच: संकटानंतर ज्याला आपण जनतेचा कौल म्हणतो तो बहुतेक वेळा पक्षश्रेष्ठींनी जनतेच्या भीतीने घेतलेला निर्णय असतो. खऱ्या मतदाराचा हिशेब वेगळाच असतो आणि त्यात ते संकट असतंच असं नाही.

हाणा.

---

दादरकर

धागा आवडला, पण २००९ इतकं सरळ नव्हतं. त्या वर्षी मनसेने सेना-भाजप युतीची मतं अशी खाल्ली की मुंबईत युती उभीच राहिली नाही. दक्षिण मुंबईत दुसऱ्या क्रमांकावर मनसेचे बाळा नांदगावकर होते, सेनेचे मोहन रावले त्यांच्याही मागे. तेव्हा मतदाराने २६/११ माफ केलं असं सहा जागांवरून म्हणता येत नाही. त्याच्यासमोर ताटच वेगळं वाढलं होतं.

दुसरं म्हणजे मतदान किती झालं ते बघा. दक्षिण मुंबईत चाळीस टक्क्यांच्या आसपास. ३ डिसेंबरला गेटवेवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते, इनफ इज इनफचे फलक होते, राजकारण्यांना शिव्या होत्या. त्याच रागातून बँकेत मोठ्या पदावर असलेल्या मीरा संन्याल अपक्ष उभ्या राहिल्या. त्यांची अनामत जप्त झाली.

---

तिरकस

मेणबत्तीला मतदार यादीत नाव नसतं हो दादरकर.

---

लोकलवाली

मला या चर्चेत नेहमी एक गोष्ट खटकते, ती इथे मांडतेच.

११ जुलै २००६. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. म्हणजे २६/११ पेक्षा कमी नाहीतच. तेव्हा मुख्यमंत्री कोण? विलासराव. राज्याचे गृहमंत्री? आर. आर. आबा. केंद्रात? शिवराज पाटील. तीच तिन्ही नावं, त्याच तिन्ही खुर्च्या. एकानेही राजीनामा दिला नाही. कोणी जोर लावून मागितल्याचंही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी लोकल सुरू झाल्या आणि आपणच आपल्या मुंबई स्पिरिटचं कौतुक केलं.

दोन वर्षांत काय बदललं? माझ्या मते दोन गोष्टी. एक, २००६चा प्रकार काही मिनिटांत संपला. २००८चा साठ तास कॅमेऱ्यासमोर चालला. दुसरी, आणि ही बोलायला नको वाटते, मेलेले कोण होते. २६/११ला सीएसटीवर ५८ माणसं गेली, पण चॅनेलच्या गाड्या उभ्या होत्या ताजच्या बाहेर. विरार लोकलमध्ये मेलेल्या माणसाचे मित्र संपादकांना फोन करू शकत नव्हते.

म्हणून रद्दीवाला म्हणतात तसं पक्षश्रेष्ठी जनतेला घाबरतात, हेही मला पूर्ण पटत नाही. जनतेच्या एका ठरावीक तुकड्याला घाबरतात. जो तुकडा मतदानाला येत नाही, पण टीव्हीवर येतो.

---

रद्दीवाला

लोकलवाली, हे माझ्या लेखात हवं होतं. तीच तीन माणसं, तीच पदं, आणि एकदा काहीच नाही, एकदा तिघेही बाहेर. यापेक्षा स्वच्छ तुलना मिळणार नाही.

---

गोखलेनगरी

पुणेकर म्हणून पानशेत काढल्याशिवाय राहवत नाही. क्षमस्व.

१२ जुलै १९६१ला सकाळी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं आणि दुपारपर्यंत नदीकाठचं पुणं पाण्याखाली होतं. अर्धवट बांधकामाच्या धरणात पाणी अडवलं हा सरळसरळ सरकारी दोष, त्यात आभाळाकडे बोट दाखवायला जागा नव्हती. माझे आजीआजोबा पूरग्रस्त म्हणूनच गोखलेनगरला आले. आजी शेवटपर्यंत इंजिनिअर लोकांना नावं ठेवायची, पण मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांबद्दल वाकडा शब्द ऐकला नाही.

आता निवडणूक बघा. पूर जुलै १९६१चा आणि मतदान फेब्रुवारी १९६२चं. जेमतेम सात महिने झाले होते, लोक अजून पत्र्याच्या निसेन हटमध्ये राहत होते. १९५७ला पुण्याने काँग्रेसला पाडून संयुक्त महाराष्ट्र समितीचे ना. ग. गोरे निवडून दिले होते. म्हणजे काँग्रेसला पाडायची सवय असलेलं गाव. पुराच्या नंतर ते आणखी पेटून उठायला हवं होतं की नाही? १९६२ला त्याच पुण्यातून काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून आले. पडले कोण, तर एसेम जोशी!

यशवंतरावांनी पुरानंतर पुनर्वसनाला स. गो. बर्वे यांना आणलं होतं. आयसीएस माणूस, पुण्यात आधी आयुक्त राहिलेला, शहराची गल्लीन् गल्ली माहीत. तेच बर्वे शिवाजीनगरातून काँग्रेसतर्फे उभे राहिले, जिंकले आणि मंत्री झाले. धरण कोणाच्या राज्यात फुटलं हे मतदाराने बाजूला ठेवलं, चिखल काढायला कोण आला ते पाहिलं.

अर्थात मे १९६०ला महाराष्ट्र मिळून गेला होता आणि समितीत फूट पडली होती, हेही खरं. सगळं श्रेय बर्व्यांना देऊ नये.

---

विदाप्रेमी

गोखलेनगरी, तुमच्या बर्व्यांची गोष्ट तिथे संपत नाही.

कृष्ण मेनन फेब्रुवारी १९६२ला उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींना पाडून दणक्यात निवडून आले होते. ऑक्टोबरमध्ये चीनचं आक्रमण झालं, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले. त्यांच्या जागी यशवंतराव दिल्लीला गेले, तेच ते हिमालयाच्या हाकेला सह्याद्री. शपथ २१ नोव्हेंबरला झाली, आणि युद्धबंदीही त्याच दिवशी.

१९६७ला काँग्रेसने मेनन यांना मुंबईत तिकीट दिलं नाही. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने समोर कोणाला उभं केलं? स. गो. बर्वे. बर्वे जिंकले, पण निकालानंतर थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही मेननना हरवलं.

एका आपत्तीत नाव कमावलेल्या माणसाने दुसऱ्या आपत्तीत नाव घालवलेल्या माणसाला पाडलं. एवढा नेटका न्याय इतिहासात क्वचित सापडतो.

---

तिरकस

नेटका आहे म्हणूनच मला संशय येतो. १९६६ला शिवसेना निघाली होती आणि लुंगीवाल्यांविरुद्ध, म्हणजे दाक्षिणात्यांविरुद्ध हवा तापली होती. सेनेने बर्व्यांच्या बाजूने आणि मेननच्या विरोधात जोर लावला होता. ईशान्य मुंबईतल्या मराठी मतदाराने मेननना पाडलं ते चीनकडून नेफामध्ये, म्हणजे ईशान्य सीमेवर झालेल्या पराभवासाठी की ते केरळचे म्हणून? दोन वर्षांनी हेच मेनन मिदनापूरहून पोटनिवडणुकीत निवडून आले आणि १९७१ला त्रिवेंद्रमहून. बंगाल आणि केरळ काय चीनचं युद्ध विसरले होते?

---

विदाप्रेमी

मान्य, दोन्ही कारणं वेगळी काढायला आपल्याकडे विदा, म्हणजे आकडेवारी नाही. पण जिथे विदा आहे तिथलं सांगतो.

कारगिल. १९९८ला भाजपच्या लोकसभेत १८२ जागा. मे ते जुलै १९९९ कारगिल. सप्टेंबर-ऑक्टोबर १९९९ला पुन्हा निवडणूक. भाजपच्या जागा? १८२. एक कमी नाही, एक जास्त नाही. आघाडी वाढली ती नवे मित्रपक्ष जोडल्यामुळे, आणि उत्तर प्रदेशात, जिथून इतके जवान गेले होते, तिथे भाजपच्या जागा चांगल्याच घटल्या. युद्ध जिंकलं की मतं मिळतात हे गृहीतक तिथे तरी उभं राहत नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर आणखी गंमत. त्या वेळी विधानसभाही मुदतीआधी घेतली आणि दोन्ही मतदानं एकत्र झाली. लोकसभेत युतीला ४८ पैकी २८ जागा मिळाल्या. विधानसभेत सेना ६९, भाजप ५६, आणि सरकार गेलं. एकाच रांगेत उभं राहून लोकांनी वाजपेयींना एक न्याय दिला आणि राज्यातल्या राणे-मुंडेंना दुसरा. मतदाराला काही कळत नाही म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

---

टेम्सकाठी

इकडे इंग्लंडात जुलै १९४५ला चर्चिल...

---

तिरकस

आला! चर्चिल आला! चाळीस प्रतिसादांच्या आत येईल अशी पैज लावली होती.

---

टेम्सकाठी

हसा. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि युद्ध जिंकून देणारा घरी बसला, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मला चर्चिलबद्दल नाही, त्यांच्या आधीचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्याबद्दल लिहायचं होतं, कारण ते रद्दीवालांच्या मुद्द्यात चपखल बसतं.

मे १९४०ला नॉर्वेतल्या फजितीवर संसदेत दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मतदान झालं ते चेंबरलेन सरकारने २८१ विरुद्ध २०० असं जिंकलं. जिंकलं! पण त्यांचेच कित्येक खासदार विरोधात गेले, कित्येक गैरहजर राहिले, आणि दोन दिवसांत पंतप्रधान बदलला. सामान्य मतदाराला १९३५ नंतर दहा वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. १९४५ला विचारलं तेव्हा त्याच्या डोक्यात घरं, नोकऱ्या, दवाखाने आणि १९४२चा बेव्हरिज अहवाल होता. संकटाचा निकाल खासदारांनी लावला आणि मतदाराने पुढच्या वीस वर्षांचा.

---

औसेकर

शहरातल्या लोकांना किल्लारीचा भूकंप म्हणलं की एकच आठवतं: मुख्यमंत्री शरद पवार सकाळी सकाळी पोचले आणि तळ ठोकून बसले. आम्ही तिथलेच. त्यात खोटं काही नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं गाढ झोपलेली. मातीचे धाबे आणि दगडी भिंती अंगावर आल्या. मुख्यमंत्री आले, कलेक्टर परदेशी रात्रंदिवस फिरत होते, लष्कर आलं. हे सगळं झालं आणि आमच्या लोकांनी त्याला नावं ठेवली नाहीत.

पण सव्वा-दीड वर्षाने १९९५ची निवडणूक आली तेव्हा पारावर भूकंपाच्या रात्रीचं कोणी बोलत नव्हतं. बोलणं होतं ते घरांचं. बावन्न गावं उठवून नवीन जागी न्यायची ठरली होती. घरं तीन मापांची. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आता सांगा, भूकंपाने पाटलाचा वाडा आणि मजुराचं खोपट सारखंच पाडलं होतं, सरकारने मात्र जमिनीचा उतारा बघून मापं लावली. भाऊभाऊ वेगळे राहत होते पण सातबारा एकच, तर घर एक की दोन? नवीन गाव शेतापासून किती लांब? आमचं गाव कोणत्या यादीत, पूर्ण पुनर्वसनाच्या की नुसत्या दुरुस्तीच्या? भांडणं या गोष्टींवर होती आणि ती तलाठ्याशी होती, पवारांशी नव्हती.

१९९५ला राज्यात काँग्रेस ८० वर आली, लातूर शहरात विलासराव स्वतः पडले. पण त्याला भूकंप कारण म्हणाल तर आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. त्याला कारणं दुसरी बख्खळ होती. आणि भूकंप चांगला हाताळला म्हणून मतं दिली असंही कोणी म्हणणार नाही. ज्याने हात दिला त्याचे उपकार मानायचे, पण मत देताना घराचं बघायचं.

दिल्लीला मात्र ते लक्षात राहिलं. भूजच्या भूकंपानंतर वाजपेयींनी आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय समितीत पवारांना आपल्या खालोखाल उपाध्यक्ष नेमलं, विरोधी पक्षाचे असून. म्हणजे किल्लारीची मार्कं मिळाली, पण ती किल्लारीच्या मतपेटीतून नाही.

---

गोखलेनगरी

काय सुंदर प्रतिसाद आहे. २५०-४५०-७५०चं हे गणित मी पहिल्यांदा वाचतोय.

---

विदाप्रेमी

औसेकरांच्या प्रतिसादाला जोडून. हीली आणि मल्होत्रा या दोघांनी २००९ला अमेरिकेतल्या निवडणुकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मतदार आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीचं बक्षीस देतात, पण आपत्तीआधी तयारीवर केलेल्या खर्चाचं बक्षीस देत नाहीत, असा निष्कर्ष. वर त्यांचाच हिशेब असा की तयारीवर घातलेला एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. म्हणजे जो खर्च सगळ्यात शहाणपणाचा, त्यालाच मतं नाहीत. मग कोणता नेता भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक करेल? त्यापेक्षा पत्रे आणि धनादेश वाटताना फोटो काढलेला बरा.

---

कलिंगवासी

अभ्यास अमेरिकेचा आहे. ओडिशा बघा. मी पंधरा वर्षं भुवनेश्वरला नोकरीनिमित्त आहे, इथलं चित्र वेगळं दिसतं.

२९ ऑक्टोबर १९९९ला महाचक्रीवादळ आलं, सरकारी आकड्यांनुसारच दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. काँग्रेसचे मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांना डिसेंबरात जावं लागलं. इथवर रद्दीवालांचं सूत्र. पण त्यांची जागा पक्षाने दुसऱ्याला देऊनही फेब्रुवारी २०००ला काँग्रेस हरलीच. राजीनाम्याने राग उतरला नाही.

बिजू जनता दलाचे (बिजद) नवीन पटनाईक आले. वादळासाठी निवारे बांधले गेले, किनाऱ्यावरच्या गावागावात कोण कोणाला बाहेर काढणार याच्या याद्या झाल्या, दरवर्षी रंगीत तालीम. १२ ऑक्टोबर २०१३ला फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि बळी पन्नासच्या आत राहिले. पुढच्याच वर्षी बिजदला विधानसभेत १४७ पैकी ११७ आणि लोकसभेत २१ पैकी २० जागा, तेही देशभर मोदी लाट असताना.

तयारीला मतं मिळतात. अट एकच, आधीचा मोठा घाव लोकांच्या आठवणीत हवा. माझ्या कामवाल्या मावशींचं गाव जगतसिंहपूरकडचं. त्या आजही काळ मोजताना वादळाच्या आधी आणि वादळाच्या नंतर असंच बोलतात. ज्याला १९९९ माहीत आहे त्याला २०१३ला काहीच झालं नाही याची किंमत कळते. आता १९९९ न पाहिलेली पिढी मतदार झालीय. २०२४ला नवीनबाबू हरले, त्याची कारणं वेगळी होती, पण वादळाचं नाव काढून कोणी त्यांना वाचवलं नाही हे खरं.

---

संपादक

सध्याच्या सरकारांवरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. दोन्ही बाजूंचे तीन-तीन, उगीच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये.

---

सिस्टर

कोविडचं कोणी बोलत नाहीये की तेच उडवलं गेलं?

मी सरकारी रुग्णालयात होते, त्यामुळे जास्त लिहिणार नाही, एवढंच नोंदवते. केरळच्या आरोग्यमंत्री शैलजा टीचर २०२१ला साठ हजारांवर मताधिक्याने निवडून आल्या आणि नव्या मंत्रिमंडळात त्यांना जागाच मिळाली नाही. पक्षाने मुख्यमंत्री सोडून आपले सगळेच जुने चेहरे बदलले. २०२४ला त्या वडकरातून लोकसभेला पडल्या. आपले राजेश टोपे, त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी घराघरात दिसायचे, २०२४ला घनसावंगीत थोडक्यात पडले. उलट दुसऱ्या लाटेत उत्तर प्रदेशातले घाट आणि स्मशानं जगाने पाहिली, आणि २०२२ला तिथे तेच सरकार पुन्हा आलं. माझ्या सोबतच्या पोरींना याचा भयंकर राग यायचा. मला आता येत नाही. लोकांना ते दिवस आठवायचेच नाहीत. मत देताना तर नाहीच नाही.

---

कायदेभाऊ

सगळे आणीबाणीला बगल देऊन चाललेत याचं आश्चर्य वाटतं. रद्दीवालांच्या सिद्धान्ताला भोक पाडणारं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे. तिथे पक्षाने काहीच केलं नाही, पक्ष इंदिराबाईंच्या पुढे आडवा पडलेला होता. मार्च १९७७ला मतदारानेच पाडलं, खुद्द रायबरेलीत.

पण तिथेही नकाशा बघा. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. आंध्रात मात्र ४२ पैकी ४१ काँग्रेसच्या, कर्नाटकात २८ पैकी २६. महाराष्ट्र मध्ये लटकलेला, ४८ पैकी २०. घटना एकच, सेन्सॉर एकच, विनाचौकशी अटकेचा मिसा कायदा एकच. फरक कशाचा? उत्तरेत नसबंदीची पथकं गावात शिरली होती, बुलडोझर वस्तीत शिरला होता. दक्षिणेत ते त्या प्रमाणात पोचलं नाही. लोकशाहीचा गळा दाबला म्हणून देश पेटून उठला ही आपली आवडती कथा आहे, पण हैदराबादला आणि बंगळुरूला तो गळा दाबलेला दिसला नव्हता का?

औसेकर म्हणाले तेच. मत देताना घराचं बघायचं. १९७७ला उत्तरेत संकट घरात शिरलं होतं.

---

रद्दीवाला

कायदेभाऊ, हे भोक नाही, हा माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो तुम्ही आणि औसेकरांनी माझ्यापेक्षा चांगला मांडलात. आता माझी मांडणी अशी होतेय: जे संकट लोकांनी पडद्यावर पाहिलं त्याचा निकाल पक्ष लावतो, पटकन, एखादा राजीनामा फेकून. जे उंबऱ्याच्या आत आलं त्याचा निकाल मतदार लावतो, सावकाश, आणि त्यात मूळ संकटापेक्षा नंतरच्या याद्या, उतारे, मापं यांना वजन जास्त. ओडिशा दुसऱ्या खान्यात. कारगिल पहिल्या. पानशेत दुसऱ्या, आणि तिथे बर्वे होते म्हणून सरकार वाचलं.

२६/११ मुंबईकराच्या उंबऱ्यात आलं का, यावर मात्र दादरकर आणि लोकलवाली यांच्यात मला तटस्थ राहू द्या.

---

दादरकर

आलं नाही कसं? माझ्या मामेभावाचा मित्र कामा हॉस्पिटलच्या गल्लीत अडकला होता. पण तुमचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. २६/११ मध्ये लोकांना द्यायचं असं काही नव्हतं. घरं बांधून द्यायची नव्हती, याद्या नव्हत्या. राम प्रधान समितीचा अहवाल आला, त्यात पोलीस आयुक्तांवर ताशेरे होते, तो विधानसभेत गाजला आणि संपला. किनाऱ्यावर स्पीडबोटी आल्या की नाहीत हे माझ्यासारख्याला कुठून दिसणार? ज्याचा हिशेब मागता येत नाही त्याचा मतात हिशेब होत नाही.

---

लोकलवाली

आणि ११ जुलैचं तर अहवालापर्यंतही गेलं नाही. २०२५च्या जुलैत, एकोणीस वर्षांनी, उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या सगळ्या बाराही आरोपींना निर्दोष सोडलं. लगेच सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते चालू राहील. पण तपास ज्यांच्या काळात झाला त्यांना जनमताने तेव्हा एक प्रश्न विचारला नाही, आणि आता विलासरावही नाहीत, आबाही नाहीत.

---

तिरकस

पानशेतलाही आयोग होताच की. गोखलेनगरी, त्याचं काय झालं?

---

गोखलेनगरी

आधी न्यायमूर्ती बावडेकरांचा. ते चौकशी चालू असतानाच वारले, मग न्यायमूर्ती नाईकांचा नेमला. पुण्यात अजून यावर दोन माणसं भेटली की तीन मतं ऐकू येतात. इथे सुरू केलं तर धागा हायजॅक होईल. रद्दीवाला, चौकशी आयोगांवर वेगळा धागा काढा, मी कात्रणं शोधून ठेवतो.

---

औसेकर

काढा. मी किल्लारीच्या घरांच्या याद्यांचं लिहीन. एक यादी अजून घरात आहे.